मागं वळून बघणारी मेंढी

"हे चित्र बासष्ट टक्के तुझं आहे," आठल्ये मॅडम म्हणाल्या, "आणि अडतीस टक्के कुणाचं आहे, ते यंत्राला माहीत नाही."

तेजल गोरड खुर्चीत पुढं सरकली. साताऱ्याच्या हस्तनोंद केंद्रातली ती खोली थंडगार होती, एक्स-रे काढायच्या खोलीसारखी. काचेखाली तिचं चित्र पडलं होतं. माळावरून सांजेला उतरणारा कळप. सगळ्या मेंढ्या पाठमोऱ्या, कारण मेंढरामागं चालणाऱ्याला मेंढरं पाठमोरीच दिसतात. आणि त्या पाठमोऱ्या कळपात इथंतिथं एखादी मेंढी मान वळवून मागं बघत होती. ज्याच्याकडं बघत होती तो चित्रात नव्हता. तो चित्र बघणाराच.

या चित्रानं तेजलला एक भिंत मिळवून दिली होती. सोलापुरात मुलांचं नवं रुग्णालय उभं राहत होतं. त्याच्या आतल्या चौकातली ऐंशी फूट लांबीची भिंत कलाशाखेच्या एका विद्यार्थ्यानं रंगवायची होती. राज्यभरातून चारशेवर चित्रं आली आणि तेजलचं पहिलं निघालं. विद्यार्थ्याच्या हाताला ऐंशी फूट भिंत कोण देतं? तिच्या कॉलेजातल्या सरांनासुद्धा कधी मिळाली नव्हती. फक्त वीस तारखेच्या आत चित्राचं मूळपत्र, म्हणजे ते कुणाच्या हातचं याचा केंद्राचा दाखला, जोडायचं होतं. नाही जोडलं, तर भिंत यादीतल्या दुसऱ्या नावाला.

आज चार तारीख होती.

"मी कुणाचं बघून काढलेलं नाही, मॅडम."

"बघून काढलंस असं यंत्र म्हणतच नाही. ते हात ओळखतं."

ते यंत्र हात ओळखायचं हे खरं. माणसाची चाल जशी लांबून कळते, तशी रेघेचीही चाल असते. वळणावर हात किती मंदावतो, कुठं दाबतो, कुठं उचलतो, दोन रेघांमध्ये किती श्वास सोडतो. बोटांना सतत एक बारीक कंप असतो, सेकंदाला दहाएक वेळा, डोळ्याला न दिसणारा. त्या कंपाची खूण रंगाच्या थरात राहते. यंत्र ती खूण मोजायचं. पण त्याची खरी करामत पुढं होती. हात लहानपणी जे वळण शिकतो ते मेंदूच्या मागच्या, खोल भागात जाऊन बसतं आणि जन्मभर तिथून सुटत नाही. जात्यावर चार बायका मिळून गात असल्या तरी जाणता कान ज्याप्रमाणे एकेकीचा गळा वेगळा काढतो, तसं यंत्र एका चित्रातून त्यात मुरलेले हात वेगळे काढून दाखवायचं. तेजलच्या वसतिगृहातल्या माणदेशी पोरांनी त्याचं नाव हेळवी ठेवलं होतं. दारोदार फिरून घराण्याची वंशावळ सांगत येतो तो हेळवी. हा चित्राची वंशावळ सांगायचा.

आणि हेळव्याचे उपकार होते. त्याच्या आधी अशी एक दहा-बारा वर्षं गेली होती, की चित्रं काढणाऱ्या यंत्रांनी जगभरच्या चित्रकारांची चित्रं गिळली आणि कुणाला काही न विचारता नवी ओकली. कुणाचं काय गेलं ते सिद्धच करता येईना. हेळवी आला आणि सिद्ध करता यायला लागलं. मग मूळहक्काचा कायदा आला. चित्रात एका परक्या हाताचा वाटा तीस टक्क्यांवर गेला, तर त्या हाताची संमती पाहिजे. हात अनामिक असेल, तर तो सापडेपर्यंत चित्र थांबणार. कित्येक गरीब चित्रकारांचं हरवलेलं या कायद्यानं परत मिळालं. तेजलनं स्वतः दहावीत असताना त्यावर निबंध लिहून बक्षीस घेतलं होतं.

"हा अनामिक हात याआधीही सापडलाय," आठल्ये मॅडम पडद्याकडं बघत म्हणाल्या. "अकरा जणांच्या कामात. दहा, बारा, पंधरा टक्के. दहिवडीची एक मेंदी काढणारी, फलटणचा ट्रक रंगवणारा, पुण्याचा एक कार्टूनवाला. सगळ्यांचं मूळ गाव माण तालुक्यात. तुझ्यात सगळ्यात जास्त उतरलाय. कोण असेल? काही सुचतं?"

तेजलला नाव सुचायला वेळ लागला नाही. तिनं ते लगेच सांगितलं मात्र नाही.

०

दोन दिवसांनी म्हसवडात उतरून ती लोखंडेबाईंच्या घरी पोचली तेव्हा ओट्यावर एक अनोळखी माणूस चहा पीत बसला होता.

छाया लोखंडे. सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर काढली, पाच वस्त्यांवर बदल्या झाल्या, आणि पाचही अशा की जिथं एसटी फाट्यावर सोडते आणि पुढं पायानं जायचं. चित्रकलेच्या त्या बाई नव्हेत. गणित, भाषा, परिसर, खिचडी, सगळं त्याच. पण शुक्रवारी दुपारी त्या फळ्यावर चित्र काढायच्या आणि पोरं पाटीवर. तेजल दुसरीत त्यांच्या वर्गात होती.

"ये गं तेजे," बाई म्हणाल्या. हातात शेंगांचं सूप होतं, पण शेंगा निवडणं थांबलेलं. "हे पुण्याहून आलेत. परुळेकर. म्हणतात, तुझ्या चित्रात माझा हात हाय."

निनाद परुळेकर उठून उभा राहिला. वागायला चांगला, मऊ बोलणारा. अनामिक हात शोधायचे, त्यांची नोंद करून द्यायची आणि पुढची व्यवस्था बघायची, हा त्याच्या कंपनीचा धंदा. केंद्राच्या सूचनाफलकावर बारा नावं दिसली, बारा जणांच्या शाळा शोधल्या आणि सगळ्यांत समान निघालेल्या एकच, लोखंडेबाई.

"मॅडम, तुमचंही काम होऊन जाईल," तो तेजलला म्हणाला. "बाईंनी इथं सही केली की हात त्यांच्या नावे नोंदला जातो. त्याच कागदावर तुम्हाला संमती. परवा मूळपत्र तुमच्या हातात."

तेजलनं बाईंकडं बघितलं. आनंद व्हायला हवा होता. बाईंचा चेहरा मात्र कुणी वर्गात उभं करून विचारावं तसा झाला होता.

"अडतीस टक्के," बाई म्हणाल्या. "म्हणजे जवळजवळ निम्मं. इतका माझा हात पडला व्हय गं तुझ्यावर?"

"बाई, त्यात काय वाईट? मला तर—"

"मी कधी पोराचा हात धरून रेघ ओढली न्हाई. एकदासुद्धा न्हाई. डीएडला आम्हाला शिकवलं व्हतं, हात धरून गिरवून घ्या. मी म्हटलं, अक्षराला धरीन, चित्राला धरणार न्हाई. त्याची मेंढी त्याची." त्या सुपातल्या शेंगांकडं बघत राहिल्या. "आन् आता मशीन म्हणतंय, सगळ्यांच्या हातात मीच."

परुळेकरनं पेन पुढं केलं. बाईंनी घेतलं. "आण. तुझी भिंत जाईल न्हाईतर."

तेजल गप्प राहिली. खरं सांगायचं तर ती मुद्दाम गप्प राहिली. चार पावलांवर ऐंशी फूट भिंत होती. डोळे मिटले की पांढरा चुना दिसायचा, त्यावरचे कोळशाचे पहिले फराटे दिसायचे. मग, केवळ हात मोकळे होते म्हणून, तिनं कागद उचलून वाचायला घेतला.

"सर्व ज्ञात व भावी चित्रांस लागू," तिनं मोठ्यानं वाचलं. "सर्व म्हणजे?"

"सर्व म्हणजे सर्व," परुळेकर म्हणाला. त्यानं काही लपवलं नाही. "हा हात जिथं जिथं आहे तिथं बाईंचा हक्क. बाईंनंतर साठ वर्षं त्यांच्या वारसांचा किंवा आमचा. ती मेंदीवाली, तो ट्रकवाला, सगळे. तुमची पुढची चित्रंसुद्धा."

"म्हणजे आमच्या दहिवडीच्या संगीताताईनं नवरीच्या हातावर मेंदी काढली, तरी तुम्हाला विचारायचं?"

"कायद्यानं, हो."

बाईंच्या हातातलं पेन कागदापासून बोटभर वर होतं. तेजलनं हात पुढं केला आणि ते पेन अलगद काढून घेतलं. पुढं कितीदा तरी तिला वाटलं, तेवढं एक काम आपण बरं केलं.

"नको बाई. भिंत गेली तर जाऊ दे."

"आगं, पण—"

"मी घ्यायची भिंत आन् संगीताताईच्या दारात ह्यांनी उभं राहायचं? नको."

परुळेकरनं बशी खाली ठेवली. "मी वीस तारखेपर्यंत साताऱ्यातच आहे," तो म्हणाला आणि नमस्कार करून गेला.

दोघी ओट्यावर बसून शेंगा निवडायला लागल्या. मग तेजलला जे इतकी वर्षं विचारायचं राहून गेलं होतं ते तिनं विचारलं.

"बाई, ती मागं वळून बघणारी मेंढी तुम्ही कुठं शिकला?"

"ती?" बाईंना प्रश्नच कळेना. "ती माझी कुटली? ती बिऱ्याची."

"कोण बिऱ्या?"

"बिरू करांडे. करांडेवस्तीवर मी नवी व्हते तवाची गोष्ट. त्यानं पाटीवर मेंढी काढली पाठमोरी, शेपटी बिपटी सगळी. आन् मग ध्यानात आलं की तोंड ऱ्हायलं. तर त्यानं तोंड काढलं शेपटीच्याच अंगाला. पोरं खदखदा हसली. त्याचे डोळे भरून आले. मी म्हटलं, हसता कशापायी? हिचं कोकरू मागं ऱ्हायलंय, ती वळून बघतीया. आन् मी तशीच फळ्यावर काढली. मग सगळ्यांनी काढली."

तेजलच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आणि ती पाठ? तीन उंचवट्यांची?"

"ती शोभा शिंगाडेची. तिचा हात हुंदका दिल्यावाणी थांबायचा. म्हटलं, ही मेंढी न्हवं, डोंगराची रांग हाय. घेतली फळ्यावर."

"डोळ्याच्या जागी आडवी रेघ?"

"रफिक मुलाण्याची. झोपाळू मेंढी. आन् पायाचं तर इचारूच नकोस."

इचारायचं कारण नव्हतंच. पायांचं गाणं तेजलला अजून पाठ होतं, बाई फळ्यापाशी म्हणायच्या ते:

*पाठ काढा माळावाणी, पोट काढा ढगावाणी,*
*पाय काढा आपापले, जसे चालता अनवाणी.*

बाईंचा रिवाज असा होता. पोराची चूक पुसायची नाही. ती फळ्यावर घ्यायची, तिला नाव द्यायचं, तिची गोष्ट करायची, आणि मग सगळ्या वर्गानं तिचा मान राखून ती काढायची. बदली झाली की बाई फक्त एक पेटी आणि त्या चुका घेऊन पुढच्या वस्तीवर जायच्या. करांडेवस्तीची मान शिंगाडेवाडीला गेली, शिंगाडेवाडीची पाठ पानवणच्या वाटेवरच्या शाळेत गेली. पंचवीस वर्षांनी ती सगळी चालत चालत दुसरीतल्या तेजलच्या पाटीवर येऊन उभी राहिली होती.

तेजलनं तिथूनच आठल्ये मॅडमना फोन लावला. बिरूपासून सगळं सांगितलं.

पलीकडं पानं चाळल्याचा आवाज आला. मग मॅडम सावकाश म्हणाल्या, "एक कलम आहे. लोकहस्त. अनामिक हातामागं किमान पन्नास वेगवेगळे हात निघाले, आणि त्यातला एकही दोन टक्क्यांच्या वर नसला, तर तो हात कुणाचाच नाही, म्हणजे सगळ्यांचा. कुणाची संमती लागत नाही. पण इतक्या वर्षांत हे कलम एकानंही वापरलेलं नाही. पन्नास माणसं स्वतः येऊन यंत्रासमोर चित्र काढायला हवीत."

"त्यांच्यातली बरीच जणं आता चित्र काढत नाहीत, मॅडम. शाळा सुटली तशी रेघ सुटली."

"हात विसरत नाही. त्याची काळजी करू नकोस. माणसं आण. आमचं फिरतं केंद्र आहे, बुधवारी मी म्हसवडला गाडी घेऊन येते." आणि मग थोड्या चाचरत त्या म्हणाल्या, "बाईंनाही काढावं लागेल. हेही निघू शकतं की हात खरंच त्यांचाच आहे."

फोन स्पीकरवर होता. बाईंनी ते ऐकलं आणि सूप बाजूला ठेवलं.

०

बुधवार बाजाराचा दिवस. बाजाराच्या कडेला, भांडीवाल्यांच्या रांगेपलीकडं, केंद्राची पांढरी गाडी लागली. बाईंनी चार दिवस फोन केले होते. नंबर नसला तर निरोप, निरोप पोचत नसला तर वस्तीवर स्वतः. सांगणं एकच: "बुधवारी ये. शुक्रवारची मेंढी काढायची हाय."

दहा वाजता एक जण आला. साडेदहाला तिघं. अकरा वाजले आणि तेजलनं बघितलं, भांडीवाल्याच्या दुकानाला वळसा घालून रांग पार रसवंतीपर्यंत गेली होती.

कोण नव्हतं त्या रांगेत. तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलेली कंडक्टर, ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत आलेली. जेसीबीवरून उतरून तसाच आलेला रफिक मुलाणी, हातांना ग्रीस. आशासेविका झालेली शोभा शिंगाडे, पिशवीत लसींच्या नोंदी. दहिवडीहून संगीता, बोटं मेंदीनं लाल. दोघं-तिघं फौजेतले, सुटीवर आलेले. टोमॅटोचे क्रेट उतरवून आलेली एक जोडी, नवरा-बायको, एकाच वर्गातली.

"बाई, माझं हस्ताक्षर बघून तुम्ही म्हणायच्या, कोंबडीनं पाय झाडलाय."

"अजून म्हणीन. बस खाली."

"मेंढी नको बाई, म्हैस काढू का? म्हैस जमती मला."

"म्हैस तुझ्या सासऱ्याला काढून दाव. हितं मेंढी."

गाडीच्या दारात एक फळी टेकवली होती. तिच्यावर कागद, बाजूला कोळशाची कांडी. माणूस बसायचं, कांडी हातात घ्यायचं, कुणीतरी मागून हसायचं, आणि मग एक क्षण असा यायचा की त्याचं हसणं मावळायचं. मोठाले, राकट, भेगाळलेले हात कागदावर टेकायचे आणि सातव्या वर्षी जसे थांबायचे तसेच थांबायचे. शोभाची रेघ तीनदा हुंदकली. रफिकनं डोळ्याच्या जागी आडवी रेघ ओढली आणि स्वतःच बघत राहिला. म्हणाला, "आयला, ही अजून झोपलेलीच."

तेजल बाजूला उभी राहून बघत होती. चार वर्षं कॉलेजात ती रेघ शिकली होती. इतकी खरी रेघ, इतक्या हातांतून, एका दिवसात तिनं बघितली नव्हती.

दुपार कलल्यावर घोंगडी खांद्यावर टाकलेला एक उंच माणूस आला. रांगेत शेवटी उभा राहिला. बाईंनी त्याला दुरून ओळखलं, पण नाव घेतलं नाही, नंबर यायची वाट बघितली.

बिरू करांडे बसला. कांडी त्याच्या बोटांत काडीएवढी दिसत होती. त्यानं पाठ काढली, शेपटी काढली, पाय काढले. मग कांडी उचलली आणि बाईंकडं बघून म्हणाला, "बाई, आता तर मला ठावं हाय तोंड कुठल्या अंगाला असतंय ते. कसं काढू?"

"तुझ्या मेंढीला इचार," बाई म्हणाल्या.

त्यानं मान वळवली. मेंढीची. एका दमात, न थांबता.

गाडीत आठल्ये मॅडमनी पडदा बघितला, मग चष्मा काढला आणि पुसला.

शेवटी बाई बसल्या. उन्हं तिरपी झाली होती, बाजार उठत आला होता, पण रांगेतलं कुणी घरी गेलं नव्हतं. सगळे भोवती अर्धगोल करून उभे, शुक्रवारी फळ्यासमोर बसायचे तसे. बाईंनी कांडी घेतली. त्यांनी एक मेंढी काढली, साधी, कसलीच खोड नसलेली, आणि कागद लगबगीनं उलटा ठेवला.

"बाई, दावा की," कुणीतरी म्हणालं.

"बघण्यासारखी न्हाई ती," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

०

अठरा तारखेला निकाल आला. एकाहत्तर जणांनी चित्र काढलं होतं. त्यातले सत्तावन्न हात तेजलच्या चित्रात निघाले. सगळ्यात मोठा वाटा बिरूचा, एक पूर्णांक नऊ दशांश. दोनच्या आत, पण जेमतेम.

"लोकहस्त," आठल्ये मॅडम म्हणाल्या. त्यांनी कागदावर शिक्का मारला. आयुष्यातला या कलमाचा पहिला शिक्का, म्हणून तो जरा जास्तच जोरात बसला. "पण सही करण्याआधी ऐक. हात सगळ्यांचा ठरला की तो खरंच सगळ्यांचा. ही मान वळवलेली मेंढी उद्या कुणीही काढेल. सोलापुरात कुणी चादरीवर छापली, तरी तुला बोलता येणार नाही. तुझ्या नावावर ती कधीच येणार नाही. लोक तर तिलाच तुझी ओळख म्हणतील."

तेजलनं थोडा विचार केला. विचार करण्यासारखंच होतं ते. चित्रकाराची ओळख म्हणजे त्याची सगळी इस्टेट.

"चादरीवर छापली," ती म्हणाली, "तर करांडेवस्तीवर कुणीतरी ती पांघरेलच की."

तिनं सही केली.

बाहेर पायरीवर बसून तिनं फोन लावला. दुसऱ्या रिंगलाच उचलला गेला.

"बाई, भिंत मिळाली."

"ते तुझ्या आवाजातच कळलं. शाब्बास. घरी सांगितलंस का?"

"सांगते आता. बाई, सत्तावन्न जणं निघाली. बिरूमामा पहिला, शोभाताई तिसरी. रफिकमामाचा डोळा सगळ्या मेंढ्यांत हाय म्हणे."

"असणारच." मागं कुठंतरी कोंबड्या कुरकुरत होत्या. "तेजे, आन् माझा? माझा किती निघाला?"

तेजलनं कागद उलगडून परत एकदा बघितला. "सव्वा टक्का, बाई."

"सव्वा."

"हो."

"सदतीस वर्षं," बाई म्हणाल्या, "आन् सव्वा टक्का."

तेजलला वाटलं, सांगायला नको होतं. दोन, तीन काहीतरी ठोकून द्यायला हवं होतं.

"बाई? वाईट वाटलं का?"

"येडी का काय," बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या. "तो पुण्याचा माणूस येऊन गेला तवापासनं डोळ्याला डोळा न्हाई माझ्या. आज झोप लागंल."